कार्पेट की सुपर बिल्टअप: नकाशावरचा कोणता आकडा धरायचा?

हिंगणघाट, दर्यापूरसारख्या गावांतही आता फ्लॅट विकले जातात. सातबाऱ्यावरचं हेक्टर-आर आपल्याला तोंडपाठ असतं, पण बिल्डरचा नकाशा समोर आला की गोंधळ उडतो.

सुपर बिल्टअपमध्ये भिंती, बाल्कनी आणि जिना, लिफ्ट, पॅसेजमधला तुमचा वाटाही धरलेला असतो. आकडा मोठा दिसतो, चौरस फुटाचा दर कमी वाटतो. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार त्यात आतल्या भिंती येतात; बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची येत नाही.

समजा 27 लाखांचा फ्लॅट 900 चौरस फूट सुपर बिल्टअप सांगितला. दर झाला 3,000. कार्पेट 630 निघालं, तर तोच दर सुमारे 4,286 होतो! म्हणून दोन फ्लॅटची तुलना कार्पेटवरच करा, आणि करारनाम्यात तोच आकडा लिहून घ्या. 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठपर्यंत फ्लॅटच्या इमारतीला रेरा नोंदणी सक्तीची नाही, आणि तालुक्याच्या गावी अशाच इमारती जास्त. तिथे तर हे लेखी हवंच.

नकाशावर खोलीत 3.05 × 3.35 लिहिलं असेल तर ते मीटर आहेत, म्हणजे 10 बाय 11 फूट. चौरस मीटरला 10.764 ने गुणलं की चौरस फूट मिळतात. डी म्हणजे दार, डब्ल्यू खिडकी, व्ही झरोका. तरीही टेप घेऊन जा आणि गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत स्वतः मोजा.