सूर्यमालेचं हाताने फिरवायचं मॉडेल : दात चुकलेत, तरी घ्या

जळगावात शाळेचं साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून 2,850 रुपयांना आणलं. दुकानदार म्हणत होता, बॅटरीवालं न्या, तेच खपतं. मी हँडलवालंच घेतलं. मोटर गरागरा फिरवते आणि पाहण्यासारखं असतं ते नेमकं त्यातच निसटतं.

अमळनेरात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. 34 वर्षं डोळ्याला आयग्लास लावून दात मोजतोय, म्हणून खोक्यातून काढल्याबरोबर वस्तू पालथी केली आणि तळाचे चार स्क्रू काढले. चाकं पितळेची आहेत, घासकाम बरं आहे. ग्रहांचे दांडे मात्र पत्र्याचे, बोट लागलं की वाकतात. सूर्याच्या जागी पिवळा बल्ब, तो दोन सेलवर जेमतेम तासभर टिकतो.

आता चुका. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कलता ठेवलाय, इथवर ठीक. पण तो दांड्याबरोबर फिरतो, म्हणजे उत्तर टोक कायम सूर्याकडेच झुकलेलं. खरं तर ते सगळ्या फेरीभर ध्रुवताऱ्याकडे रोखलेलं राहायला हवं, ऋतू त्यामुळेच होतात. या मॉडेलमध्ये बारा महिने उन्हाळा. भुसावळच्या गिऱ्हाइकाला कदाचित फरक जाणवणार नाही.

दुसरी चूक मला जास्त बोचली. पृथ्वीच्या दोन फेऱ्यांत मंगळाची बरोबर एक, असं गणित बसवलंय. मंगळाला एका फेरीला 687 दिवस लागतात. 47 आणि 25 दातांची जोडी टाकली असती तर हिशोब जवळजवळ चोख आला असता. आत्ता होतं काय, की पृथ्वी आणि मंगळ दर दोन वर्षांनी समोरासमोर येतात आणि प्रत्येक वेळी त्याच एका राशीत. खरी गाठ सुमारे 780 दिवसांनी पडते आणि राशी पुढे सरकते : 16 जानेवारी 2025ची कर्केत, 19 फेब्रुवारी 2027ची सिंहेत.

मंगळाचंच एवढं काय, असं अमळनेरचा माणूस विचारणार नाही. मंगळदेवाचं मंदिर आमच्या गावात. मंगळवारी स्टेशनापासून रिक्षा मिळत नाही, पत्रिकेत मंगळ असलेली पोरं-पोरी आईबापांसोबत अभिषेकाला येतात. आणि गंमत अशी की पृथ्वी सूर्याभोवती फिरते या बाजूने एक भक्कम साक्ष दिली ती याच मंगळाने. कोपर्निकसने 1543 साली सूर्य मधे बसवला, पण कक्षा गोलच धरल्या होत्या. टायको ब्राहेने मंगळाच्या जागा वर्षानुवर्षं टिपून ठेवल्या होत्या. स्वतः टायको पृथ्वी स्थिर आहे असंच मानायचा. ती टिपणं घेऊन केप्लर बसला. गोल कक्षा धरली की मंगळ 8 कलांनी चुकत होता. 8 कला म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीचा साधारण चौथा हिस्सा. दुसऱ्याने ‘चालतंय’ म्हटलं असतं. यानं गोल मोडून लंबगोल केला आणि 1609 साली छापून टाकला. असा माणूस घड्याळाच्या बाकावर शोभला असता.

त्यानंतर 24 वर्षांनी रोममध्ये चर्चच्या कोर्टाने गॅलिलिओला गुडघ्यावर बसवून पृथ्वी फिरते हे नाकारायला लावलं. आमच्याकडे तसलं कोर्ट नाही, माय आहे. वय 78, एकही मंगळवार चुकवत नाही. मॉडेल पाहून म्हणाली, “सूर्य एकच जागावर बठेल शे, मंग सकायले कोन येस?”

मी वाद घातला नाही. खराट्याची एक काडी घेतली. एक टोक पृथ्वीच्या मण्यावर धरलं, मंगळाच्या मण्याला टेकवून काडी भिंतीकडे रोखली. भिंतीवर खडूने राशी लिहिल्या आणि तिला हँडल हळूहळू फिरवायला लावलं. काडी पुढे सरकली, थबकली, चक्क मागे आली, पुन्हा थांबली आणि पुढे निघाली. हाच पंचांगातला वक्री मंगळ. तो स्वतः एकदाही मागे गेलेला नसतो. धुळ्याच्या एसटीतून आपण केळीचा ट्रक मागे टाकतो तेव्हा तो पलीकडच्या झाडांवरून उलटा सरकल्यासारखा दिसतो, तसंच हे. मंगळ म्हणजे भौम, धरणीचा मुलगा, हे मायला पाठ. ती दोन मण्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “माय पुढे गई, पोऱ्या मांगे राही ग्या.” 34 वर्षांत इतक्या कमी शब्दांत मला काही समजावता आलेलं नाही.

घड्याळ घ्यायला आलेल्या भटजींनाही दाखवलं. त्यांना काडीचं नवल वाटलं, धक्का वगैरे बसला नाही. म्हणाले, पत्रिका पृथ्वीवरच्या माणसाची असते, तर आकाशही इथूनच बघायचं. काउंटरवरच्या एका तरुणाने मात्र छाती फुगवली : हे सगळं आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या भास्कराचार्यांनी आधीच सांगून ठेवलंय! नाही रे बाबा. त्यांचा सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ 1150चा. पृथ्वी गोल आहे, ती शेष-कूर्म कुणाच्याही आधाराविना अवकाशात आहे, हे त्यांनी ठणकावून लिहिलं, कारण आधाराला आधार शोधत गेलं तर शेवटच सापडत नाही. तेवढ्यावरच मान झुकते. पण पृथ्वी त्यांनी मधोमध स्थिरच ठेवली होती.

शाळेसाठी घेणार असाल तर आसाची चूक आधी पोरांना सांगा. सेल वेगळे आणा. पाचपैकी साडेतीन तारे, अर्धा दातांपायी कापला.

दसऱ्याला मायने माझ्या हत्यारांच्या पूजेत हेही मांडलं. सूर्याला फूल आणि मंगळाच्या मण्याला कुंकू. कुंकू दांड्यावरून खाली चाकात उतरलं, अर्धा दिवस ब्रशने साफ करत बसलो होतो.