ट्यूब प्रीअँप, आठ महिन्यांनंतर: सगळं भांडण एका जंपरवरून

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे थेट तक्रारीवर येतो. या प्रीअँपचा (सीडी प्लेअर आणि पॉवर अँप यांच्यामध्ये बसून आवाज ठरवणारं यंत्र) नॉब घड्याळाच्या काट्यासारखा धरला, तर सात म्हणजे शून्य आवाज, आणि नऊच्या पुढे तो नेताच येत नाही, घर दणाणतं. आणि रात्रीच्या हळू आवाजाला, म्हणजे सातच्या जरा वर, मध्यभागी उभी असलेली गायिका उजव्या स्पीकरकडे सरकते. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: "नॉर्मल आहे, पॉटमध्ये एवढा फरक असतोच." (पॉट म्हणजे नॉबमागचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग.) या किमतीच्या यंत्राला असलं उत्तर ऐकून डोकं फिरलं. पहिले तीन महिने मीही पॉटलाच शिव्या घातल्या.

मोजलं तेव्हा चित्र बदललं. पॉवर अँप (स्पीकर चालवणारं यंत्र) बंद, सीडीवरून दोन्ही चॅनेलला २०० हर्ट्झचा सारखाच टोन (साधा मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला भरवशाचा नसतो), नॉब रात्रीच्या जागी. प्रीअँपच्या आउटपुटला डावीकडे ४५ मिलिव्होल्ट, उजवीकडे ६२. जवळपास ३ डेसिबलचा फरक! पण ड्युअल पॉट (एकाच नॉबवर दोन्ही चॅनेल) अगदी तळाला असा चुकतोच. सर्व्हिसवाले अर्धे बरोबर होते. खरा प्रश्न असा, की नॉब तळाला का ठेवावा लागतो?

हिशोब सोपा आहे. सीडी प्लेअर देतो २ व्होल्ट, पॉवर अँपला पूर्ण ताकदीला हवेत १.४. मध्ये प्रीअँप १२ डेसिबल, म्हणजे चौपट गेन (सिग्नलची वाढ) लावून ८ व्होल्टपर्यंत जातो. एवढा गेन मागितला कुणी? सगळा जास्तीचा गेन पॉटलाच गिळावा लागतो.

आत गेन बदलायचे जंपर (दोन पिना जोडणाऱ्या चिमुकल्या टोप्या) आहेत, प्रत्येक चॅनेलला एक: १२, ६ आणि ० डेसिबल. मॅन्युअलमध्ये त्यांची एकच ओळ, तीही फ्यूजच्या तक्त्याखाली. बदलताना आधी प्लग काढा आणि पंधरा मिनिटं थांबा. मग मुख्य कपॅसिटरवर डीसी मोजा, आकडा ३० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालू नका. ट्यूब यंत्रात अडीचशे-तीनशे व्होल्ट बंद केल्यावरही रेंगाळतात. जंपर चिमट्याने उचला आणि दोन्ही बाजू तपासा, एक विसरलात तर दोन चॅनेलचा आवाज वेगळा येईल आणि ठणठणीत पॉट बदलायला निघाल. वॉरंटीचं सील तोडायचं नसेल तर पॉवर अँपच्या इनपुटला १० डेसिबलचे अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे जोड) लावा. काम तेच होतं.

जंपर ० वर नेल्यावर तेवढ्याच आवाजाला नॉब नऊजवळ आला. मोजमाप ४४ आणि ४५.५, म्हणजे फरक ०.३ डेसिबल. गायिका जागेवर. सोबत बोनस म्हणून ट्विटरमधली (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरमधली) हिसही बरीच उतरली. बारीक गुणगुण मात्र होती तशीच राहिली. नॉब फिरवून ती कमी-जास्त होत नव्हती, म्हणजे दोष पॉटच्या पुढे. पॉवर अँपची विजेची वायर प्रीअँपच्याच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली, ग्राउंड लूप (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह) आटोक्यात आला, गुणगुण गेली. ट्यूबला उगाच हात लावू नका.

म्हणजे पाच तारे? थांबा. जंपर सगळ्या इनपुटला एकच आहे. ०.३ मिलिव्होल्टचं एमसी कार्ट्रिज (रेकॉर्डची सुई धरणारा, अगदी क्षीण सिग्नल देणारा भाग) फोनोच्या, म्हणजे तो सिग्नल वाढवणाऱ्या टप्प्याच्या, ६० डेसिबलनंतर जेमतेम ०.३ व्होल्ट देतं. ० गेनला रेकॉर्ड ऐकताना नॉब तीनपर्यंत न्यावा लागतो. ६ वर ठेवणं ही तडजोड, आणि मी सध्या तिथेच आहे. इनपुटनुसार गेन ठरवायची सोय मेनूत देणं एवढं अवघड नव्हतं. रेकॉर्ड संपल्यावर नॉब खाली न आणता सीडी लावली, तर वूफरचा (मोठ्या स्पीकरचा) पडदा डोळ्यांदेखत उसळतो.