फिकट करड्या शाईने वाया घालवलेले तीन कागद: घरी पातळ केलेल्या शाईचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात ढगांचा एक कृष्णधवल फोटो ए३ मॅट पेपरवर काढला आणि आकाशभर केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेघा आल्या. नोझल चेक (शाईची बारीक छिद्रं उघडी आहेत का ते दाखवणारा जिन्यासारखा नमुना) बघितला, स्वच्छ. पुन्हा प्रिंट, पुन्हा रेघा. तिसरा कागद वाया गेल्यावर शाई विकणाऱ्याला फोटोसकट कळवलं. उत्तर एका ओळीचं: ‘हेड गेलंय, बदलून घ्या.’ हेडची, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाची, किंमत जवळपास प्रिंटरएवढी असते, आणि हा माणूस एकही प्रश्न न विचारता ते बदलायला सांगतो! याचा राग अजून गेलेला नाही.

माझी मांडणी अशी: सहा कार्ट्रिजचा प्रिंटर, एका कार्ट्रिजमध्ये कार्बनची मॅट ब्लॅक (मॅट पेपरसाठीची काळी शाई) जशीच्या तशी, बाकी पाचांत तीच शाई पातळ करून ३०, १८, ९, ६ आणि २ टक्के. प्रिंट क्वाडटोनरिप या कृष्णधवल प्रिंटच्या सॉफ्टवेअरमधून. नुसत्या काळ्या शाईने काढलेल्या प्रिंटमध्ये उजळ भागात ठिपके सुटे दिसतात आणि गालावर वाळू सांडल्यासारखी वाटते. रंगीत शाया मिसळून केलेला करडा उन्हात एक दिसतो, दिव्याखाली दुसराच. पातळ कार्बनमध्ये ही दोन्ही दुखणी नाहीत. शाई पातळ होईल तशी तपकिरीकडे झुकते, हे सुरुवातीला मला खटकायचं. निळं पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेली शाई) थेंबभर घालून बघितलं, पण रंगीत पिगमेंट कार्बनइतकं टिकत नाही, म्हणून सोडून दिलं. आता तो उबदार टोनच आवडतो. ग्लॉसी पेपरचा विचार मात्र करू नका, मॅट ब्लॅक त्यावर बोटाने पुसली जाते.

आता त्या २ टक्क्यांच्या बाटलीबद्दल. नोझल चेक स्वच्छ दिसत होता, कारण ही शाई कागदावर जवळजवळ दिसतच नाही. शेवटी तो कागद स्कॅन केला आणि कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत ओढला. पांढऱ्यातून फिकट जिना वर आला, आणि त्याच्या तीन पायऱ्या गायब!

इथवर मी दोष शाईला देत होतो. मग वहीतली नोंद सापडली. आकाश, त्वचा, धुकं सगळं फिकट शाईवरच चालतं, त्यामुळे तीच बाटली आधी संपते. महिन्यापूर्वी ती घाईत नुसतं डिस्टिल्ड वॉटर घालून बनवली होती. १८ टक्क्यांत मूळ शाईतलं ग्लिसरीन थोडं तरी उरतं, २ टक्क्यांत जवळजवळ काहीच उरत नाही. मग शाई नोझलच्या तोंडाशीच वाळते. म्हणजे शाई चांगली होती, चूक माझ्या पाण्याची. विक्रेत्याचा सल्ला तरीही बेजबाबदारच होता.

आता शाई पातळ करायचा बेस आधीच बनवून ठेवतो: डिस्टिल्ड वॉटर, वजनाने साधारण दहा टक्के ग्लिसरीन आणि फोटोफ्लोचे (द्रव सहज पसरावा म्हणून डार्करूममध्ये वापरतात ते रसायन) मोजके थेंब. ग्लिसरीन जास्त झालं तर प्रिंट लवकर सुकत नाही. फोटोफ्लो घातल्यावर बाटली जोरात हलवू नका, फेस होतो आणि कार्ट्रिजमध्ये हवा शिरते. तळाशी बसलेलं पिगमेंट वर यायला बाटली आडवी धरून हळू फिरवायची.

मोजायचं वजनावर, सिरिंजवर नाही. १०० ग्रॅम बाटलीत काळी शाई फक्त २ ग्रॅम. काटा अर्धा ग्रॅम चुकला तर थेट पंचवीस टक्क्यांचा फरक. म्हणून २ टक्क्यांची शाई आता ६ टक्क्यांच्या बाटलीतूनच करतो: एक भाग शाई, दोन भाग बेस. तोच अर्धा ग्रॅम ६ ग्रॅमवर चुकला तर फरक आठ-नऊ टक्क्यांचाच. नवी बाटली भरली की २१ पायऱ्यांची स्टेप वेज (पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची पट्टी) काढून लिनिअरायझेशन, म्हणजे त्या पायऱ्या सारख्या अंतराने पडाव्यात म्हणून करायची दुरुस्ती, पुन्हा करायचं, यात आळस नको.

बचत खरी आहे. काळ्या शाईची एक बाटली आठ महिने पुरली आणि अजून निम्मी आहे. पण हेड क्लिनिंग एका नोझलसाठी केलं तरी सहाही शाया वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये) जातात, आणि मॅट पेपर शाईपेक्षा महाग पडतो. त्या रेघा तीन क्लिनिंगनंतर गेल्या. बेस वापरून नवी शाई भरली, रात्रभर ठेवली, सकाळी आकाश सलग आलं.

कागद दोन्ही बाजूंनी कोटिंगचा आहे. वाया गेलेल्या त्या तिन्ही कागदांच्या मागे सध्या स्टेप वेज काढतोय.