सेंट्रल पार्क की हाइड पार्क?

लंडनचं हाइड पार्क मुळात राजाचं शिकारीचं रान. आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये ही जमीन वेस्टमिन्स्टर ॲबीकडून घेतली. सामान्यांना प्रवेश मिळाला तो १६३७ मध्ये, पहिल्या चार्ल्सच्या काळात. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क मात्र कागदावर आखून घडवलेलं. बागेच्या रचनेसाठीची १८५८ ची स्पर्धा ओल्मस्टेड आणि वॉक्स या रचनाकारांच्या आराखड्याने जिंकली. तिथली 'नैसर्गिक' वाटणारी तळीसुद्धा माणसाने केलेली. मला सगळ्यात आवडते ती एक युक्ती: बाग आडवी ओलांडणारे चार रस्ते खोलगट खणून नेलेत, त्यामुळे फिरणाऱ्याच्या नजरेला रहदारी फारशी पडत नाही. घोडागाड्यांच्या जमान्यातली ही सोय मोटारींनाही पुरून उरली! अर्थात, याच बागेसाठी सेनेका व्हिलेज ही बहुतांशी कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली.

आकाराचं म्हणाल तर ८४३ एकरांचं सेंट्रल पार्क ३५० एकरांच्या हाइड पार्कच्या दुपटीहून मोठं. हाइड पार्कमधला सर्पेंटाइन तलावही मानवनिर्मितच. राणी कॅरोलाइनने १७३० मध्ये त्याचं काम सुरू करवलं.

दिवसभर भटकायला मी सेंट्रल पार्कच निवडेन. पण हाइड पार्कमधल्या स्पीकर्स कॉर्नरला, जिथे कुणीही भाषण ठोकू शकतं, उभं राहून कुणा अनोळखी वक्त्याशी हुज्जत घालायची मजा न्यूयॉर्कमध्ये कुठली?