तळाचा तांब्याचा लाल रंग: एका मोसमानंतर, आणि डब्यातल्या गोळ्याबद्दल जरा जास्तच

रंग चांगला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं अजिबात वाटणार नाही.

बोट फायबरची, बत्तीस फुटी, जाळ्याची, आत डिझेल इंजिन. मोसमभर दाभोळच्या खाडीत पाण्यावरच असते. रंग म्हणजे तळाला कवचाचे जीव आणि शेवाळ बसू नये म्हणून मारतात तो नेहमीचाच, कॉपर ऑक्साइडवाला, पाण्यात हळूहळू झिजत राहणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही. भांडण झालं ते दुकानदाराशी, आणि त्याचंही नाव लिहिणार नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच बाजारात फिरायचं आहे. गेल्या नारळी पौर्णिमेच्या आधी रंग मारला आणि आता मेअखेर बोट वर घेतली. म्हणजे पुरा मोसम झाला.

आधी पैशांचं. सगळे विचारतात, "लिटरला केवढ्याला पडला?" हा प्रश्नच अपुरा आहे. माझा रंग ८,३०० रुपयांचा. प्रायमर आणि थिनर २,९००. हायड्रा क्रेनने बोट वर घेणे आणि परत सोडणे मिळून ७,०००. खरवडणी आणि रंगाची मजुरी ९,६००. पॉलिश पेपर, रोलर, मास्क, ताडपत्री आणि चहा-वडापाव १,८००. एकूण २९,६००. म्हणजे रुपयातले अठ्ठावीस पैसे फक्त रंगाचे. बाकीचे बहात्तर पैसे तुम्ही सोन्याचा रंग आणलात किंवा चुना फासलात तरी जाणारच. हे कळायच्या आधी मी स्वस्त रंगासाठी चिपळूण, रत्नागिरी पालथी घातली होती आणि या लाल डब्याला उघड उघड लूट म्हणत होतो. आता म्हणत नाही. स्वस्त रंग डिसेंबरात उडाला, तर ती बहात्तर पैशांची सगळी वरात पुन्हा काढावी लागते.

लूट मात्र दुसरीकडे आहे. रुंदी आणि खोलीची बेरीज, गुणिले पाण्याखालच्या भागाची लांबी, त्याचा साधारण पाऊण हिस्सा धरला की तळाचं क्षेत्रफळ निघतं. माझ्या बोटीचं तेवीस चौरस मीटरच्या आसपास आलं. लिटरला प्रत्यक्षात आठ चौरस मीटर धरा. दोन हात म्हणजे सहा लिटर, आणि पाण्याची रेघ, नाळ (पुढचं टोक), पठाण (तळाचा कणा), सुकाण इथे झीज जास्त म्हणून तिसरा हात, असे सात. डबा येतो पाचचा. वरचे दोन लिटर सुटे घ्यायचे, तर पाचात ११२० ने पडणारा रंग सुट्यात १३५० ने. सहा-सात लिटर लागणाऱ्या किती बोटी या किनाऱ्यावर असतील? त्यांच्यासाठी सातचा डबा काढायला कुणाच्या बापाचं काय जातं!

वेळेचा घोळ वेगळाच. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. मे महिन्यात रंगवावं तर हा रंग दोन-अडीच महिने कोरडा पडून राहणार, आणि तसं चालत नाही. मारल्यापासून किती दिवसांत पाण्यात सोडायचं, ते डब्यावर लिहिलेलं असतं. जुलैत रंगवावं तर कोकणातला जुलै. आम्ही बोट शाकारलेली होती तशीच ठेवून प्लॅस्टिकखाली काम केलं, तरी सकाळी तळावर घाम फुटल्यासारखे थेंब असायचे. फडक्याने पुसा, वाऱ्याची वाट बघा, मग रोलर उचला. मजुरी वाढते ती इथे. खरवडणी मात्र ओलीच करायची, पेपरसुद्धा पाणी मारूनच घासायचा. तांब्याची कोरडी धूळ नाकात गेली की दोन दिवस तोंडाची चव जाते.

आता गोळा.

आमचे रंगारी चाचा वयाने मोठे, हात चांगला, स्वभाव घाईचा. मी पोचलो तेव्हा त्यांनी डबा उघडून डाव्या बाजूला पहिला हात मारूनही टाकला होता. लांबून छान लाल. जवळ गेलो तर खालचा जुना राखाडी प्रायमर झिरमिरीत दिसत होता. डब्यात काठी घातली. वरचं पातळ तेलकट लाल पाणी सहज हललं, आणि खाली काठी टेकली ती टेकलीच. जोर लावला तेव्हा थापलेल्या नारळाच्या वडीत उलथनं घालावं तशी बोटभर रुतली आणि उभी राहिली. मी हात सोडला तरी उभीच! तांब्याचं ऑक्साइड पाण्याच्या सहापट जड. ते सगळं तळाला बसून घट्ट झालेलं. मी पैसे त्याचेच मोजले होते, आणि डाव्या बाजूला लागलं होतं फक्त त्याच्यावरचं सूप.

"चाचा, हे हलवलं नव्हतं का?"

"हलवलं ना. दहा मिनिटं हलवलं. तुझ्या दुकानदाराने दगड दिलाय, त्याला मी काय करू?"

डब्यावरची तारीख बघायला गेलो तर तिच्यावर बरोबर किमतीची चिठ्ठी. नखाने काढली. डबा दोन वर्षांहून जुना.

दुकानदाराला फोन केला. पहिलं उत्तर, "हा रंग बसतोच शेठ, हलवला की झालं." दुसऱ्यांदा, "उघडलेला डबा परत नाही." तिसऱ्यांदा मी बोटीवरचे दोन खलाशी घेऊन स्वतःच गेलो, तेव्हा चहा आला आणि "कंपनीचा माणूस बघून जाईल" असं ठरलं. कंपनीच्या माणसाने बॅच नंबर मागितला, फोटो मागितले, डब्याखालचा फोटोही मागितला आणि मग तो गायब झाला. शेवटी दुकानदाराने एक लिटरचा डबा फुकट दिला, तोही असा की जणू मुलीच्या लग्नात आहेर करतोय. दरम्यान मी ड्रिलला मिसळायची दांडी लावून, गोळा फोडून फोडून डबा सारखा केला होता. उजवी बाजू आणि डावीचा दुसरा हात त्या खऱ्या रंगाचा झाला.

यातून एक उपाय निघाला, तो घ्या. रंगाच्या डेटा शीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, घनता दिलेली असते. माझ्या रंगाची लिटरला १.७ किलो. लिटरचं माप भरून मासळीच्या काट्यावर ठेवायचं, मापाचं वजन वजा करायचं. वरचं सूप भरलं सव्वा किलोच्या आसपास. नीट मिसळल्यावर पावणेदोनला टेकलं. काठी किती वेळ फिरवली, याच्यावर वाद घालण्यापेक्षा काटा बरा. आता हे मी सगळ्यांना सांगत सुटलोय आणि घरचे कंटाळलेत.

पाण्यात सोडल्यावर ऑक्टोबरपर्यंत बोट सुरेख पळाली. जीपीएसवर ज्या आरपीएमला आधी साडेसहा नॉट दिसायचे, तिथे आठला टेकत होती. डिझेल वाचलेलं टाकीत दिसतं. डिझेलवरच्या कराचा सरकारी परतावा येईल तेव्हा येईल, हे तर रोजचे पैसे. तेव्हा मी या रंगाच्या प्रेमात होतो. जानेवारीत मत फिरलं. वेग घसरला, सुकाण जड वाटायला लागलं. ओहोटीला बोट कलली तेव्हा डाव्या अंगाला पाण्याच्या रेघेखाली पांढरे ठिपके. बार्नाकल. हा खेकडा-कोळंबीचा भाऊबंद, पिल्लू असताना डोक्याने चिकटतो आणि वर चुन्याचं घर बांधतो. एकदा बसला की मालकी हक्काने बसतो. सगळा रंग भिकार, पैसे पाण्यात, असं मी त्या आठवड्यात बंदरावर बऱ्याच लोकांना सांगितलं.

मग शिमगा आला. पालख्यांच्या दिवसांत बोटी तशाही उभ्याच असतात. आमच्या तांडेल काकांनी भरतीबरोबर बोट खाडीत वर नेऊन बांधली. ही खाडी वाशिष्ठी नदीची, आणि वाशिष्ठीत कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी उन्हाळ्यातही येत असतं, त्यामुळे वरच्या अंगाला पाणी गोडसर. बार्नाकलला गोडं पाणी सोसत नाही. शिमग्यानंतर बघितलं तर किडे मेलेले, घरं मात्र जागच्या जागी. कवच मेलेलं असलं तरी पाण्याला अडवतं तेवढंच. ते शेवटी खरवडावं लागतंच. पण वाढ थांबली, आणि यात एक पैसा लागला नाही. या मोसमात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच, रंगाचा त्यात संबंध नसला तरी.

आता बोट वर आहे. उजवी बाजू बघून खरंच तोंडात बोट गेलं. हाताला बुळबुळीत शेवाळ, फडकं मारलं की खाली लाल रंग शाबूत. डावी बाजू रेघेपासून हातभर खाली कवचांनी भरलेली, रंग झिजून प्रायमर उघडा. तोच डबा, तेच पाणी, तोच मोसम. फरक फक्त त्या पहिल्या हाताचा. आणखी चार जागी, दोन्ही बाजूंना मिळून, चौकोनी ठिगळं आहेत, जिथे टेकू लावलेले होते. टेकू हलवून खालचा रंग राहिला तर तिथे बार्नाकल इतका बरोबर कापून बसतो की फूटपट्टी लावा. जस्ताच्या वडीला (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजते ती) मात्र रंगवताना चिकटपट्टी लावून ठेवली होती, तिच्यावर रंग गेला नाही, ती व्यवस्थित झिजली आहे. इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) ठीक.

चाचांचं म्हणणं, पूर्वीचा रंग जोरात होता, काही बसायचंच नाही. खरं आहे. त्यात कथिलाचं विष होतं, टीबीटी. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत त्याने कालवांची कवचं वेडीवाकडी झाली आणि १९८२ मध्ये तिथे छोट्या बोटींवर त्याला बंदी आली. २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानेच तो बंद आहे. आमच्याकडे ओहोटीला बायका कोयती घेऊन खडकावरची कालवं काढतात, ती आम्हीच खातो. त्यामुळे तो जोर नको. तांबंही काही दूध नव्हे. खरवडलेला चुरा ताडपत्रीवर गोळा करून गोणीत भरला. मजूर हसले, पण ताडपत्रीचे पैसे दिलेत तर ती वापरणारच.

यंदा रंग हाच घेणार, दुकान दुसरं. डबा काउंटरवर उघडायचा, काठी घालायची, तारीख वाचायची, काटा मी घेऊन जाईन. पहिला हात काळा मारायचा आणि दुसरा लाल, म्हणजे लाल झिजून काळा दिसायला लागला की किती उरलंय ते ओहोटीला नुसत्या नजरेने कळेल. दोन रंग म्हणजे अर्थात दोन डबे, आणि काळाही पाचचाच येतो. दोन्ही डब्यांत मिळून उरणारे तीन लिटर कुणाला हवे असतील तर सांगा, ११२० च्या भावाने देईन. सुटा आहे म्हणून १३५० लावणार नाही.