सोनमोहर की ओवळ? फाटकाबाहेरच्या झाडाची निवड, ओझोन ध्यानात घेऊन

गोव्यात फोंडा, म्हापसा अशा गावांत फाटकाबाहेर झाड लावायचं ठरलं की चर्चेअंती बहुधा दोन नावं उरतात. सावली लवकर हवी असेल तर सोनमोहर, आणि दम धरायची तयारी असेल तर बकुळ, म्हणजे आपली ओवळ. आमच्या रस्त्यावर सोनमोहर आधीपासून आहेत. मला जागा मिळाली तेव्हा मी ओवळ लावली. दोन्हींची फुलं, उंची, पानांचा केर सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. पाऊस गेल्यापासून मे अखेरपर्यंत जमिनीलगतच्या हवेतला ओझोन, म्हणजे पानांना इजा करणारा वायू, या झाडांचं काय करतो, एवढंच बघतो.

हा ओझोन कुठल्या नळकांड्यातून थेट येत नाही. वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाच्या, रंगांच्या वाफा उन्हात एकत्र आल्या की तो तयार होतो. म्हणून तो दुपारी चढतो आणि पावसाळ्यात उतरतो. ऐन गर्दीच्या नाक्यावर तर ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला संपवतोही. जिलियन ग्रेग आणि सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवलं की कॉटनवुड या अमेरिकी झाडाची, एकाच मूळ झाडापासून केलेली रोपं न्यूयॉर्क शहरात आसपासच्या गावांपेक्षा दुप्पट वाढली; गावाकडे ओझोनचा एकूण मारा जास्त होता. तेव्हा ‘आमचं घर हायवेपासून आत आहे’ यावर मी फारसा विसंबत नाही. आपल्याकडे दुपारचा समुद्रवारा किनाऱ्याकडचा धूर आतच आणतो.

ओझोन पानात शिरतो तो पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून. पान पातळ, वाढ झपाट्याची, रंध्रं मोकळी, तर मारा जास्त, असा ढोबळ नियम. त्यात सोनमोहर मार खातो. शिवाय त्याची कोवळी पालवी उन्हं कडक होऊ लागतात तेव्हाच येते. ओवळीचं पान जाड, तुकतुकीत. पण न्यायाने सांगायचं तर सोनमोहर दरवर्षी पानं झाडून नव्याने सुरुवात करतो, ओवळीचं पान मात्र अख्खा कोरडा हंगाम झाडावरच काढतं. मे महिन्यात तिच्या उन्हाकडच्या जुन्या पानांवर मला शिरांच्या मधल्या भागात बारीक तपकिरी ठिपके दिसतात. शिरा हिरव्या, पानाची खालची बाजू स्वच्छ. खाली जाळी दिसली तर ती कोळी नावाची बारीक कीड, ओझोन नव्हे. सोनमोहराच्या इवल्या पर्णिकांवर असं काही वाचता येत नाही. त्या पिवळ्या पडतात आणि गळतात.

इथवर दोघं जवळपास बरोबरीत आहेत. माझा कौल फिरला तो छाटणीमुळे. सोनमोहर बघता बघता विजेच्या तारांना भिडतो. मग दर वर्षी पावसाच्या तोंडावर कोयते-करवती घेऊन माणसं येतात आणि तारांकडची बाजू साफ करून जातात. त्यांचाही इलाज नसतो. पण ओझोनने त्रासलेलं झाड मुळात साखर कमी बनवतं, आणि त्यातलीही मुळांकडे कमी पाठवतं. अशा झाडाची अर्धी पानं काढली की ते उरलीसुरली शिल्लक खर्चून नवे फुटवे काढतं. फुटवे कोवळे, जोड कच्चा, सगळा भार एका बाजूला, मुळं अशक्त. जुलैच्या वाऱ्यात आमच्या रस्त्यावर फांद्या पडतात त्या याच झाडांच्या, आणि बहुतेक वेळा आदल्या छाटणीच्या जागेवरूनच. दर वर्षी तेच बघून जीव तुटतो. झाड चांगलंच आहे. त्याला नीट वाढायची जागाच कुणी देत नाही. ओवळ सावकाश वाढते, घुमटासारखी आटोपशीर राहते. माझ्या ओवळीला अजून कुणी कोयता लावलेला नाही.

पाण्याबद्दल एक. पाणी मिळालेलं झाड रंध्रं उघडी ठेवतं, त्यामुळे ओझोनही जास्त घेतं, हे खरं. म्हणून कुणी पाणी तोडू नये. रोपाला पहिले उन्हाळे पाणी द्यावंच लागतं.

वर तारा नसतील आणि शाळेच्या मैदानासारखी ऐसपैस जागा असेल तर सोनमोहर लावायला माझी हरकत नाही. तिथे त्याच्यासारखी सावली ओवळ लवकर देणार नाही. रस्त्याकडेला मात्र, माझ्या मते, ओवळच बरी. निवड घाईने करू नये, कारण गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे वाढलेलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. खड्डा मे महिन्यातच खणून ठेवा, पाऊस स्थिरावला की लावा, आणि रोपवाटिकेत कमरेएवढं रोप मिळालं तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.