एबीसी घड्याळ: सोलरवालं साधं की जीपीएसवालं हुशार?

एबीसी घड्याळ, म्हणजे अल्टिमीटर (उंची), बॅरोमीटर (हवेचा दाब) आणि कंपास असलेलं, घ्यायचंय म्हटलं की बरंच शोधून झाल्यावर गाडी दोन पर्यायांवर येऊन अडकते. एक, सोलरवर चालणारं जुन्या वळणाचं डिजिटल, ज्यात उंची, दाब, कंपास आणि वेळ, बस. दुसरं जीपीएसवालं, ज्यात हे सगळं आहेच, वर ट्रॅक, नाडीचे ठोके, झोप आणि फोनचे नोटिफिकेशन पण. मी दोन्ही भरपूर वापरलीत. पाणी, धक्का, काच यावर बोलत नाही, बऱ्या कंपनीचं घेतलं तर त्यात दोघंही पास आहेत.

कंपासमध्ये खरं सांगायचं तर जीपीएसवालं पुढे. आपण कुठे आहोत हे त्याला कळत असल्यामुळे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यातला फरक ते स्वतःच धरतं, सोलरवाल्यात तो आकडा आपण नकाशावरून बघून भरायचा. शिवाय सोलरवाल्याचा कंपास बॅटरी वाचवायला थोड्या वेळाने आपोआप बंद होतो, मग परत बटण. कॅलिब्रेट मात्र दोन्ही करावी लागतात आणि तेव्हा फोन खिशात ठेवून केलंत तर कुठलंच घड्याळ धड दिशा दाखवणार नाही.

तापमान दोन्हीत सारखंच निरुपयोगी, मनगटाची गरमी मोजतात. काढून अर्धा तास बाजूला ठेवाल तेव्हा कुठे खरं कळतं.

आता उंची आणि दाब, आणि माझं घोडं इथेच अडलं. दोन्ही घड्याळांत सेन्सर एकच असतो, तो फक्त हवेचा दाब मोजतो. दाब कमी झाला तर एकतर तुम्ही वर चढलात किंवा हवा बिघडतेय, यातलं काय ते सेन्सरला कळत नाही. सोलरवालं यात डोकंच घालत नाही, दाब हवा तर दाब बघा, उंची हवी तर उंची, अर्थ तुम्ही लावा. जीपीएसवालं ऑटो मोडमध्ये हालचाल बघून स्वतः ठरवतं की आत्ता माणूस चढतोय की बसलाय, आणि तसा तो फरक उंचीत टाकायचा की दाबात ते ठरवतं.

ऐकायला भारी वाटतं. पण तंबू ठोकल्यावर माणूस दगडासारखा बसून राहतो का, पाणी आणायला खाली ओढ्यावर जातो, लाकडं गोळा करतो, सूर्यास्त बघायला टेकाडावर चढतो. एका कॅम्पवर नेमकं हेच चाललं होतं आणि संध्याकाळभर दाब घसरत होता, घड्याळाने तो सगळा आमच्या चढाईच्या खात्यात जमा केला. तंबूची जागा दुपारपेक्षा चाळीसेक मीटर वर गेलेली आणि दाबाचा ग्राफ मात्र टेबलासारखा सपाट. वादळाचा अलार्म लावलेला होता, तो वाजलाच नाही, आणि रात्री पावसाने धुतलं. मोड लॉक करता येतो, नाही असं नाही, पण त्यासाठी मेनूत खोल शिरायचं आणि सकाळी निघताना आठवणीने उलटं करायचं. थंडीत, हातमोजे घालून. कंपनीचं नाव घेत नाही कारण ऑटो मोड असेल तिथे हे थोडंफार होणारच असं मला वाटतं.

सोलरवाल्यावर हेच काम फार सोपं आहे. मुक्कामाला पोचलं की उंची बघून ठेवायची, झोपताना परत बघायची. तुम्ही हललेला नसताना आकडा वाढला तर दाब पडलाय. दोन हजार मीटरच्या आसपास दाबात 1 हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं एकक) फरक म्हणजे उंचीत साधारण 10 मीटर, समुद्रसपाटीला 8 च्या वर थोडं. उष्ण कटिबंधात दाब रोज आपोआप 2-3 हेक्टोपास्कल वरखाली होतोच, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, चारच्या सुमारास कमी, म्हणजे वीस-पंचवीस मीटरला घाबरायचं कारण नाही. पण तीन तासांत चाळीस मीटर "चढलात" तर तंबूच्या दोऱ्या ताणून घ्या.

ट्रॅक रेकॉर्ड करायचा असेल, धुक्यात आल्या वाटेने परत यायचं असेल किंवा पळायला पण तेच घड्याळ वापरायचं असेल तर जीपीएसवालंच घ्या, त्याला तोड नाही. ज्ञात उंचीच्या खुणेवर थांबून आकडा हाताने भरायचा कंटाळा असेल तरीही तेच, ते आपलं आपण जुळवून घेतं. फक्त मुक्कामाचे ट्रेक करणारे असाल, वाट फोनवर बघत असाल आणि चार्जिंगची वायर नावाची अजून एक गोष्ट सांभाळायची नसेल, तर मी म्हणेन सोलरवालं. माझ्या हातावर सध्या तेच आहे, दुसरं कपाटात असतं आणि बहुतेक वेळा डिस्चार्ज झालेलं असतं.

आणि दोन्हीपैकी काहीही घ्या, काळ्या डायलवर पांढरे आकडे असलेलं व्हर्जन दुकानातल्या लाइटखाली बघून पसंत करू नका, दरवाजाबाहेर सावलीत नेऊन वाचता येतंय का बघा.